ओलावा

नंदुरबारला डिसेंबरात
रडण्यावर कुणी विश्वास ठेवत नाही.
पथारीवर नजर पोचेल तिथवर मिरची वाळत पडलेली,
वारा फिरला की कोर्टातला बेलिफ डोळे पुसतो,
हवालदार पुसतो, नवी नवरी पुसते.
मी रडून सांगितलं असतं
तर ते धरलं गेलं नसतं.

मी मोजणारा माणूस.
अकरा हंगाम शेठच्या काट्यावर.
बाया देठ खुडून पाट्या आणायच्या,
मी वजन बोलायचो, वहीत लिहायचो,
आणि शेवटच्या रकान्यात, बारीक अक्षरात:
ओलावा, पाव किलो.
मिरची खडखडीत असायची,
हलवली की आतलं बी वाजायचं.
तरी ओलावा.
शेठकडून मजुरी पुऱ्या वजनाची उचलायचो.
मधला पाव किलो माझा.

सगळ्यात जास्त पाट्या ठगुबाईच्या.
पोर जगावी म्हणून आईबापांनी ठेवलेलं नाव.
ते मी अकरा वर्षं
रोज संध्याकाळी वहीत लिहिलं
आणि एकदाही अडखळलो नाही.

त्याच पैशातून मंदिराला पंखा दिला.
तीन पात्यांवर पेंटरकडून लिहून घेतलं:
ख्रिस्तवासी
याकोब सुरजी
गावीत.
फिरताना काही वाचता येत नाही.
नुसता वारा लागतो,
आणि म्हाताऱ्या म्हणतात, लेकानं बापाचं नाव काढलं.

मग प्रभुभोजनाचा रविवार.
पाळक म्हणाले, आता शांत बसून
आपापलं पाप मनात बोला.
मी नेहमीचं बोललो. राग. आळस.
साडूच्या ट्रॅक्टरकडे बघणं.
तेवढ्यात वीज गेली.
पंखा मंदावत, मंदावत
माझ्या डोक्यावर बाप होऊन थांबला.
भाकरीचं ताट आलं.
मी ते तसंच पुढे दिलं.

सगळे गेल्यावर सतरंज्या गुंडाळताना
पाळकांना सांगितलं. आकड्यांसकट.
ते तिथेच जमिनीवर बसले,
डोळे मिटले, थोडकं बोलले,
आणि म्हणाले, क्षमा झाली.

इतक्यात?
काटा स्थिर व्हायलाही याहून जास्त वेळ लागतो.
मी तसाच उभा.
सतरंजीचं दुसरं टोक उचलत ते म्हणाले,
ठगुबाई हल्ली कुणाच्या पथारीवर असते?

बायकोची पोत सोनाराकडे गेली.
ती दोन दिवस बोलली नाही,
तिसऱ्या दिवशी म्हणाली, सगळे मोजून दे.

ठगुबाई ढिगाशी बसली होती,
तोंडाला फडकं, बोटांना चिंध्या.
मी सांगू लागलो. तिनं खुडणं थांबवलं नाही.
"माले ठाऊक व्हतं," म्हणाली.
"पाटी मी डोक्यावर आने, भाऊ.
मानले वजन कयत नही का?"

पैसे घेतले. दोनदा मोजले.
एक नोट उन्हात धरली.
"हाई फाटेल शे. बदली आन."

आणि माफी?
हे मी विचारलं, इतका निर्लज्ज.
तिनं ढिगातली थोडी मिरची माझ्याकडे लोटली.
"ते तुना देवले इचार.
आठे बठ. देठ खुड."

त्या रात्री बोटं ताकात बुडवून बसलो.
प्रार्थनेला हात जोडले
तर एक हात दुसऱ्याला भाजत होता.
आमेन पुरतं म्हटलंच नाही.

सकाळी नवी नोट नेली.
तिनं ती कनवटीला लावली, काही बोलली नाही.
मी बसलो. कुणी हो म्हणालं नव्हतं,
कुणी ऊठही म्हणालं नाही.

संध्याकाळी पाट्या काट्यावर गेल्या.
माझ्या जागी नवा पोरगा, मिसरूड फुटलेला,
नीट भांग पाडलेला.
ठगुबाईचं वजन बोलला, वही उघडली,
आणि शेवटच्या रकान्यात
खाली वाकून, बारीक अक्षरात

मी उठलो.
गुडघे आखडले होते, हात लाल.
"मिरची कोरडी आहे," मी म्हणालो.